अतिखरेदी

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं टेबलावर पसरून उपेंद्रराव सकाळपासून एकोणिसाव्या पानावर अडले होते. ‘छेद’ या शब्दापुढे स्वल्पविराम द्यावा की अर्धविराम, एवढाच प्रश्न होता. तीन वेळा स्वल्पविराम दिला, तीन वेळा खोडला. चौतीस वर्षं बेळगावच्या शाळेत मराठी शिकवलं, तरी स्वतःच्या हातून पडलेल्या चिन्हावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. पत्रावर तिकीट लावल्यावरसुद्धा पत्ता पुन्हा एकदा वाचून बघणारा हा माणूस.

पुस्तक तसं लहान, शंभरेक पानांचं. ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं, राघवेंद्रचं. उद्यमबागेच्या रस्त्यावर बॅटरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा ‘धनरेषा’ नावाचा क्लास होता. शेअरच्या भावाचा आलेख बघून कधी घ्यायचं, कधी विकायचं, ते तिथे शिकवत. गेल्या वर्षी तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, “सर, सगळं इंग्रजीत आहे. कानडीत एकानं पुस्तक काढलंय. आपल्या मराठी माणसानं काय करायचं? तुम्ही शब्द द्या.”

उपेंद्ररावांकडे एक शेअर नव्हता. शब्दकोश मात्र अकरा होते. सरकारी कागदावरून, बसच्या पाटीवरून मराठी अक्षर दिसेनासं झालेल्या या गावात कुणीतरी त्यांच्याकडे नवे मराठी शब्द मागायला आलं होतं. ते विरघळले. तीन महिने खपून त्यांनी शब्द पाडले. रोज पुढे सरकणाऱ्या सरासरीला ‘चालती सरासरी’. भाव जिथे पडायचा थांबतो तो ‘आधार’, जिथे चढायचा थांबतो तो ‘अडसर’. दोन रेघा एकमेकींना कापतात तो ‘छेद’. आणि ज्यावर ते सगळ्यांत जास्त खूश होते तो ‘अतिखरेदी’.

आलेखाच्या खाली एक रेघ शून्य ते शंभरमध्ये वरखाली होत असते. भाव फार वेगानं चढला की ती सत्तरच्या वर जाते. इंग्रजीत त्याला ‘ओव्हरबॉट’ म्हणतात. म्हणजे लोकांनी प्रमाणाबाहेर घेऊन ठेवलंय, आता भाव उतरायचा संभव आहे, सांभाळा. अतिवृष्टी, अतिक्रमण, तशी अतिखरेदी. त्यांनी तो शब्द बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला होता. माधवीताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “छान आहे. अपचन झाल्यासारखं वाटतं.” उपेंद्ररावांना त्या दिवशी जेवण जास्त गेलं. नेमका तोच अर्थ त्यांना हवा होता.

स्वल्पविराम चौथ्यांदा खोडत असतानाच दारात शामू आला. बेळगुंदीचा शामू, पंचेचाळिशीचा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे घालणारा. पुस्तकाच्या प्रकाशनाला तो पहिल्या रांगेत बसला होता तेवढीच ओळख. खांद्यावरचं रताळ्यांचं पोतं त्यानं पायरीवर टेकवलं.

“सर, घरची हाईत. तुमच्यासाठी आणलीत.”

“अहो शामराव, एवढी कशाला? आम्ही दोघंच.”

“तुमच्या एका शब्दानं माझं बरं चाललंय बगा. त्या मानानं हे काय.”

उपेंद्ररावांचे कान गरम झाले. कुणी कौतुक केलं की त्यांना आधी चूक झाल्यासारखं वाटे. “कुठल्या शब्दानं?”

“अतिखरेदी.” शामूनं मोबाईल काढून पुढे धरला. “ती रेघ सत्तरच्या वर गेली की हितं हिरवं अक्षर येतंय. आलं की मी घेतो. लई घेतो.”

“घेता?”

“तर काय. शब्दातच हाय की ओ. आमच्या खताच्या पोत्यावर असतंय न्हवं, अतिउत्तम. म्हंजे लई उत्तम. तसं अतिखरेदी म्हंजे लई खरेदी करा. नि रेघ तीसच्या खाली गेली की अतिविक्री. मग लई इकून टाकायचं. दुसरी माणसं इंग्रजी शिकूलीत. मी म्हटलं, आमच्या सरांनी एका शब्दात सांगितलंय.”

उपेंद्ररावांनी मनाशी शब्द मोजले. अतिउत्तम. अतिशय. अतिसुंदर. हे शब्द आपल्याला आधी का सुचले नाहीत? तीन महिने अकरा कोश पालथे घातले आणि खताचं पोतं वाचायचं राहिलं.

“आणि... त्यात फायदा झाला?”

“आठ म्हयने झाले. बरा झालाय. म्हणून तर आलतो.” शामूनं खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला. “नोकरी सोडायचं म्हणूलोय. भट्टीजवळ उभं राहून डोळं गेलं सर. आता घरात बसून हेच करायचं. बायको न्हाय म्हणूलीय, पर ती काय आलेख बघती व्हय? राजीनामा तेवढा चांगल्या भाषेत लिवून द्या. शनवारी दुपारी पाळी सुटताना साहेबाच्या हातात देतो.”

त्या दिवशी गुरुवार होता. तुमचं सगळं उलटं झालंय हे सांगायला उपेंद्ररावांनी तोंड उघडलं. पण शामूच्या चेहऱ्यावर इतकी मोकळी कृतज्ञता होती की त्यांनी पुढे केलेला कागदच हातात घेतला. “शनिवारी देतो,” एवढंच ते म्हणाले. शामू गेल्यावर बराच वेळ ते पोत्याकडे बघत उभे होते. पहिल्या आवृत्तीच्या आठशे प्रती खपल्या होत्या. त्यांतल्या किती जणांनी खताचं पोतं वाचलं असेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसनं उद्यमबागेत गेले. राघवेंद्रला सगळं सांगायचं, त्याच्या बोलण्याला मान खाली घालायची, शब्द बदलून घ्यायचा, असं वाटेत ठरवलं होतं. ‘खरेदीचा अतिरेक’ हा पर्याय त्यांनी तिकिटाच्या मागे लिहूनही ठेवला होता.

क्लास चालू होता. ते मागच्या बाकावर बसले. पंचवीस-तीस माणसं होती. कुणी पाळीचा निळा शर्ट घातलेलं, कुणी हिंडलग्याहून दूध घालून तसंच आलेलं. खिडक्या बंद, एसी चालू. कुणीतरी मघाशीच फवारलेल्या सुगंधाखाली घामाचा आणि बॅटरीच्या आम्लाचा वास दबून राहिला होता.

राघवेंद्रनं पडद्यावर आलेख लावला. “ही बघा अतिखरेदी. रेघ सत्तरच्या वर, आणि चार दिवसांत भाव धाडकन खाली. सांगितलं होतं की नाही रेघेनं?”

माना हलल्या. मग त्यानं दुसरा आलेख लावला. त्यात रेघ सत्तरच्या वर गेली होती आणि भावही वरच चालला होता, पुढे दोन महिने.

“सर, हितं पडला न्हाय की,” पुढून एक बाई म्हणाली. हिंडलग्याच्या यशोदाबाई म्हणून तिला सगळे ओळखत असावेत, कारण दोघंतिघं हसले.

“चांगला प्रश्न, आक्का. रेघ काढताना आपण मागचे चौदा दिवस धरतो, इथं ते धरायचे नाहीत. नऊ धरा.” राघवेंद्रनं बटण दाबलं. रेघ सापासारखी अंग हलवून वेगळ्या जागी जाऊन बसली. “आता बघा. बसली का नाही बरोबर?”

“बसली,” सगळे म्हणाले, आणि वह्यांत लिहून घेऊ लागले. काही कंपन्यांना चौदा. काहींना नऊ.

कोणत्या कंपनीला किती, हे आधी कसं कळणार, असं कुणी विचारलं नाही. उपेंद्ररावांनीही विचारलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कॉप्या पकडल्या होत्या, फोडलेले पेपर बघितले होते. पण उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर फळ्यावरचा प्रश्न बदलणारा मास्तर त्यांनी बघितला नव्हता. आणि तो मास्तर बोलत होता त्यांच्या शब्दांत. आधार, अडसर, छेद. प्रत्येक शब्द राघवेंद्रच्या तोंडातून ओला होऊन बाहेर पडत होता. आपला टॉवेल दुसऱ्यानं वापरलेला बघावा, तसं त्यांना झालं.

क्लास सुटल्यावर राघवेंद्रनं त्यांना केबिनमध्ये नेलं, कुंदा या खव्याच्या मिठाईचा डबा उघडून पुढे सरकवला आणि स्वतः बोटांनी खायला लागला. उपेंद्ररावांनी खाली बघत, अडखळत सगळं सांगितलं. अतिउत्तम, खताचं पोतं, शामू, राजीनामा. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “शब्दच दुटप्पी निघाला.”

राघवेंद्र हसला, इतका की कुंदा घशात अडकला. पाणी पिऊन म्हणाला, “सर, मला माहीत आहे ते.”

“माहीत आहे?”

“पहिल्या दोन महिन्यांत कळलं. निम्मी पोरं सत्तरच्या वर विकतात, निम्मी घेतात. मी दोघांचा हिशेब लावून बघितला. सारखाच येतो, सर. थोडा इकडं, थोडा तिकडं. ज्या वर्षी बाजार चढतो त्या वर्षी सगळेच हुशार.”

उपेंद्रराव बोटानं टेबलावरची कुंद्याची चिकट कड खरवडत राहिले. “म्हणजे सरळ वाचा की उलटं...”

“काही फरक नाही.”

“मग तू शिकवतोस काय?”

“धीर.” त्यानं बोटं चाटली, एकेक, सावकाश. “माणसाला आपल्याला काहीतरी कळतंय असं वाटलं पाहिजे. मग तो रोज घेतो, रोज विकतो. त्यानं घेतलं की ब्रोकर मला थोडं देतो, विकलं तरी देतो. मी कशाला सांगू कुठला अर्थ बरोबर?”

“तो शब्द मी बदलतो. या आवृत्तीत.”

“इरली, सर. राहू दे. दोन्ही बाजूंनी लागतो म्हणून तर सोन्यासारखा शब्द आहे. इंग्रजीत एकच अर्थ लागायचा.” तो पुढे वाकला. त्याच्या श्वासाला खव्याचा आणि तंबाखूचा वास येत होता. “उलट मी म्हणतो, उलटं वाचणाऱ्यांसाठी वेगळा क्लास काढू. शामूसारख्यांचा फायदा झालाय, त्यांचे फोटो लावू. नाव काय देऊ सांगू? उपेंद्र पद्धत. तुमचं नाव कव्हरवर मोठं टाकतो. या गावात तुमच्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, सर. निपाणीपर्यंत.”

त्या क्षणी उठून निघावं असं उपेंद्ररावांना फार वाटलं. पण ते म्हणाले, “मला जरा विचार करू दे.” जन्मभर त्यांनी हेच वाक्य वापरलं होतं. दुकानदारापुढे, मुख्याध्यापकांपुढे, सोयऱ्यांपुढे. आणि निघताना राघवेंद्रनं कुंद्याचा डबा हातात कोंबला तोही त्यांनी घेतला. परत यायच्या बसमध्ये तो डबा मांडीवर होता. त्यांना राघवेंद्रची किळस आली होती, पण मांडीवरच्या डब्याची जास्त आली.

घरी माधवीताईंनी रताळी उकडली होती. उपेंद्ररावांनी एक सोलून तोंडात घातलं आणि लगेच हातावर थुंकलं. कडूजार. किडलेलं होतं. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले, तरी घशाच्या मागे तो कडूपणा तसाच.

“वरून कळतच नाही हो,” माधवीताई म्हणाल्या. “एखादं निघतंच. आणि तो डबा कसला?”

“टाक तो.”

“कुंदा टाकू?”

“टाक म्हटलं ना.”

इतकं तुटक ते सहसा बोलत नसत. माधवीताई समोर बसल्या. मग उपेंद्ररावांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “शामूला जाऊन सांगितलं, की बाबा, या रेघांत काही नाही, तर तो माझं कशाला ऐकेल? मी कोण? आयुष्यात एक शेअर घेतला नाही. त्याचा फायदा त्याच्या डोळ्यांपुढे आहे. आणि माझं तरी कशावरून बरोबर? कदाचित मलाच काही कळत नसेल.”

“कळत नसेलच,” माधवीताई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून बाजारातलं त्याला काही सांगू नका. शब्दातलं सांगा. चुकीचा शब्द दिला म्हणावं. ते तो तुमच्याकडून ऐकेल.”

“म्हणजे मी चुकलो असं सगळ्यांपुढे...”

“नाहीतर राजीनामा लिहायला बसा. तोही तुमच्याच भाषेत.”

उपेंद्रराव उठून प्रुफांपुढे जाऊन बसले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलं होतं: ‘परिभाषा, उपेंद्र जांबोटकर’. उभ्या आयुष्यात छापून आलेलं त्यांचं हे एकच नाव. शाळेतल्या सहकाऱ्यांनी अभिनंदनाचे फोन केले होते. ग्रंथालयात प्रत ठेवली होती. शब्द चुकला असं फौंड्रीच्या फाटकावर उभं राहून बोललं, की संध्याकाळपर्यंत गावभर होणार. ‘माझं चुकलं’ हे जन्मभर मनात म्हणत आलेलं वाक्य एकदा मोठ्यानं म्हणायचं, एवढंच तर होतं. पण तेच जड जात होतं.

शनिवारी दुपारी ते फौंड्रीच्या फाटकाशी उभे होते. पाळी सुटली. काळ्या मातीनं माखलेले लोक बाहेर पडले. शामू चारपाच जणांबरोबर होता. त्याचा चेहरा उजळला. “आलासा सर? कशाला एवढं, मी आलो असतो की घराकडं.” आणि त्यानं कागदासाठी हात पुढे केला.

उपेंद्ररावांनी तोच कोरा कागद त्याच्या हातात दिला.

“शामराव, माझं चुकलं,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. “मी शब्द चुकीचा दिला. अतिखरेदी म्हणजे घ्या असा अर्थ नाही. उलटा आहे. लोकांनी फार घेतलंय, आता घेऊ नका, असा. तुम्ही आठ महिने पुस्तकाच्या बरोबर उलटं करत होता.”

“सर, चेष्टा करूलासा?”

“नाही. पुस्तक तुमच्याकडे असेल, बारावं पान बघा. पण तिथंही मी नीट लिहिलेलं नाही. शब्द छान सुचला म्हणून मी अर्थ एका ओळीत उरकला.”

बरोबरचा एकजण फिसकन हसला. “शाम्या, मराठी येईना तुला?”

शामू हसला नाही. तो कोरा कागद हातात धरून उभा राहिला. “पर फायदा तर झाला.”

“झाला.”

“उलटं करून.”

“हो.”

शामूनं खाली बघितलं. त्याच्या नखांत माती होती, साच्याची, काळी. मग तो सावकाश बोलला, जणू स्वतःशीच. “साचा उलटा बसला नि तरी माल नीट निघाला, तर आम्ही खूश होत न्हाय सर. भट्टी थांबवतो. कारण मग पयल्यापासनं काय बरोबर होतं नि काय चूक, काय बी ठाव नसतंय. पुढचा लोखंडाचा रस कुणाच्या पायावर सांडंल सांगता येत न्हाय.” त्यानं कागदाची घडी घातली. “म्हंजे मला कळत हुतं असं वाटूलतं, ते कळत नव्हतंच.”

उपेंद्ररावांनी मान डोलावली. आपण तीन दिवस जे मनात घोळवत होतो, ते या माणसानं एका साच्यावरून सांगितलं होतं.

“आत जाऊन येतो,” शामू म्हणाला. “साहेबाला म्हटलं होतं थांबा म्हणून. न्हाय म्हणून सांगायला पायजे.” आणि तो फाटकातून परत आत गेला. रागावला होता की नाही, ते उपेंद्ररावांना कळलं नाही. कागद मात्र त्यानं परत दिला नाही.

ते वळले, तेवढ्यात मघाशी हसलेला पोरगेला गडी पुढे आला. सौरव असं शर्टावर शिवलेलं होतं. त्याच्या हातात मोबाईल उघडाच होता.

“सर, म्हंजे आता सत्तरच्या वर इकायचं?”

“नाही. म्हणजे... विकलं काय, घेतलं काय, काही कळत नाही त्यातून. राघवेंद्र स्वतः म्हणाला.”

सौरवनं बाकीच्यांकडे बघून डोळा मारला. “सर सांगत न्हाईत बगा. काल रातच्या क्लासात कळलंय आम्हांस्नी. उलट्या पद्धतीचा नवा क्लास निघणाराय, तुमच्या नावाचा. शाम्याचा फोटो बी लावलाय तिथं.” मग आवाज बारीक करून, अगदी जवळ येऊन त्यानं विचारलं, “फी कमी करशीला का, सर, फौंड्रीवाल्यांस्नी?”

उपेंद्ररावांच्या घशात ते कडू रताळं पुन्हा वर आलं. भोवती पाचसहा माणसं उभी होती, दमलेली, डोळे लाल झालेली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच मोकळी कृतज्ञता, जी गुरुवारी शामूच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी नकाराची मान हलवली आणि बस स्टॉपकडे चालू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, “विचार करतो म्हणूलेत.”

घरी येऊन चपलासुद्धा न काढता ते प्रुफांपुढे बसले. बाराव्या पानावरचा ‘अतिखरेदी’ खोडला आणि समासात लिहिलं: ‘रेघ सत्तरच्या वर गेली, तर पुढे भाव चढेल की पडेल हे तिच्यावरून कळत नाही.’ राघवेंद्र हे वाक्य ठेवणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी पहिलं पान काढलं, स्वतःचं नाव एका आडव्या रेघेनं छेदलं आणि बाजूला छापखान्याच्या खुणेनं ‘काढा’ असं लिहिलं.

स्वल्पविराम असता तर त्यांनी पुन्हा बघितला असता. ही दुरुस्ती त्यांनी पुन्हा बघितली नाही. माधवीताईंना हाक मारून ते म्हणाले, “पोत्यातली उरलेली रताळी एकेक कापून बघ गं. किडकी आधी काढून टाक.”